भिंतीवरचा मजकूर

दिल्लीत समकालीन कला बघायला निघालेला माणूस चित्रापाशी पोचण्याआधी मजकुरापाशी पोचतो. काचेचं दार ढकलून आत गेलं की एका हाताला, पांढऱ्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर दोन-तीनशे शब्दांचा एक उतारा असतो. माणसं आधी तो वाचतात. कित्येकजण चित्रापुढे थांबतात त्याहून जास्त वेळ या उताऱ्यापुढे थांबतात आणि मग त्यात सांगितलेलं चित्रांत सापडतंय का, एवढंच ताडून बघत पुढे सरकतात. माझा व्यवसाय भाषांतराचा. त्यामुळे मीही तिथेच रेंगाळते, फक्त कारण वेगळं असतं. हे वाक्य दुसऱ्या भाषेत नेलं तर टिकेल का, असा विचार करण्याची खोड जडलेली आहे. या लेखात चित्रांइतकंच त्या उताऱ्याबद्दल बोलायचं आहे. गॅलरीत कोण शिरतं, कोण दारावरूनच पुढे जातं आणि आत आलेल्याला काय दिसतं, यातलं बरंच काही हा मजकूर ठरवत असतो.

आधी या जागा कुठे आहेत ते पाहू, कारण दिल्लीत ते महत्त्वाचं आहे. कॅनॉट प्लेसमधली धूमीमल गॅलरी १९३६ पासूनची. मंडी हाऊसच्या परिसरात रवींद्र भवन आहे, हबीब रहमान यांनी बांधलेलं, आणि जवळच जोसेफ स्टाइन यांनी उभारलेलं त्रिवेणी कला संगम. त्रिवेणीत मला फार आवडणारी एक गोष्ट घडते. नाचाच्या वर्गाला मुलीला सोडायला आलेले आईबाप, चहा घ्यायला आलेले आसपासच्या कचेऱ्यांतले लोक वेळ काढायला म्हणून गॅलरीत शिरतात. 'कला बघायला' कोणी घरून निघालेलं नसतं. चित्रं आवडली नाहीत तर ती माणसं मोकळेपणानं तसं बोलतात. हा मोकळेपणा दिल्लीतल्या इतर गॅलऱ्यांत फारसा ऐकू येत नाही.

१९८०नंतर गॅलऱ्या दक्षिणेकडे सरकल्या, आणि त्याही कुठे, तर हौज खास, लाडो सराय, शाहपूर जाट, खिडकी अशा गावांत. हौज खासला फिरोजशाह तुघलकाचा मदरसा आणि कबर, शाहपूर जाटला सिरीच्या किल्ल्याचे अवशेष, लाडो सरायच्या एका अंगाला किला राय पिथौराची तटबंदी आणि पलीकडे कुतुब. सातशे-आठशे वर्षांचा दगड आणि त्याच्याजवळ व्हिडिओ प्रोजेक्टर, या जोडीवर पाहुणे लेखक खूश होतात. इतिहास आणि वर्तमान यांचा संवाद वगैरे. खरं कारण जमीनमहसुलाचं आहे. इंग्रजी अमदानीत, १९०८च्या सुमारास, गावाची वस्तीची जमीन शेतजमिनीपासून वेगळी दाखवण्यासाठी नकाशावर लाल रेघ ओढली गेली. तिला 'लाल डोरा' म्हणतात. आपल्याकडचं गावठाण. स्वातंत्र्यानंतर शहर वाढत गेलं, शेतं वसाहतींत गेली, पण लाल डोऱ्याच्या आतली घरं १९६३मध्ये बांधकामाच्या नियमांतून सुटली. त्यामुळे तिथे मजल्यावर मजले चढले, खाली दुकानं निघाली आणि भाडी बाहेरच्यापेक्षा कमी राहिली. शिंपी, छापखाने, फर्निचरवाले आले, त्यांच्यामागून गॅलऱ्या आल्या. भाडी वाढली तशा त्यांतल्या बऱ्याच डिफेन्स कॉलनीत किंवा छतरपूरकडच्या जुन्या गोदामांत निघूनही गेल्या. हौज खासमध्ये आज गॅलरीपेक्षा खाण्यापिण्याच्या जागाच अधिक सापडतील.

गावठाणात गॅलरी असणं याचा एक परिणाम मात्र होतो. दाराबाहेर हिंदी, हरियाणवी, बिहारी, पहाडी बोलणारी गल्ली असते आणि दाराच्या आत एक पाऊल टाकलं की भाषा बदलते. मुंबईत काळा घोड्याला हे इतकं जाणवत नाही, कारण तिथला रस्ताच निम्मा इंग्रजी आहे. लाडो सरायमध्ये शेजारी दुधाचं दुकान असतं आणि त्याच्या मालकानं वीस वर्षांत शेजारच्या दारात पाऊल टाकलेलं नसतं. त्याला कोणी अडवलेलं नाही. बेल वाजवली तर दार उघडतं, प्रवेश फुकट असतो. पण आतल्या भिंतीवर आपल्यासाठी काही लिहिलेलं नाही, हे त्याला बाहेरूनच कळलेलं असतं.

सरकारी जागा याला अपवाद आहेत. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, १९५४ पासून. त्याआधी बडोद्याच्या संग्रहालयाचे संचालक असलेले हर्मन गोएट्झ इथले पहिले प्रमुख. सरकारी असल्यानं इथे पाट्या हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. या हिंदीची चेष्टा करण्याची दिल्लीत रीत आहे. 'कैनवास पर तैल' वाचून शाळेच्या सहली खिदळतात. मला मात्र ही हिंदी अगदीच टाकाऊ वाटत नाही. ती कोणाच्या तोंडची नाही हे खरं, पण ती दार उघडं ठेवते. अमृता शेरगिलच्या चित्रांसमोर गाझियाबादच्या एका शाळेतली मुलं ती हिंदी मोठ्यानं वाचत होती आणि मग चित्रातल्या बायका इतक्या गप्प का आहेत यावर भांडत होती, हे मी पाहिलेलं आहे.

याच इमारतीत वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आहेत. गायतोंडे जन्मानं नागपूरचे, शिकले जे. जे. स्कूलमध्ये, आणि सत्तरच्या दशकापासून २००१मध्ये मृत्यू होईपर्यंत दिल्लीकर. इथे निजामुद्दीनमध्ये ते राहत. दिल्लीतल्या मराठी माणसांना गायतोंडे माहीत आहेत ते डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाखांना गेलं म्हणून. आकडा तोंडपाठ असणारे पुष्कळ भेटतात, पण बसनं जाऊन थोड्या पैशांच्या तिकिटात चित्र पाहता येतं हे ठाऊक असणारे कमी.

गायतोंडेंच्या चित्रावरची पाटी ही माझ्या दृष्टीनं पाटीची मर्यादा दाखवणारी उत्तम वस्तू आहे. नाव, साल, 'तैलरंग', आणि 'अनटायटल्ड'. हा शेवटचा शब्द मराठीत कसा आणायचा? 'निनावी' म्हटलं तर कोणीतरी नाव लपवलंय असं वाटतं, निनावी पत्रासारखं. 'शीर्षकहीन'मध्ये काहीतरी उणं राहिल्याची खंत येते, गुणहीन, दिशाहीन यांच्या पंगतीत बसल्यामुळे. 'शीर्षकविरहित' हा सरकारी अर्जावरचा शब्द. इंग्रजी शब्दात खंत नाही आणि लपवाछपवीही नाही. नाव दिलेलं नाही, बस. मी दोन-तीनदा 'नाव नाही' एवढंच लिहिलं आणि संपादकांनी ते शीर्षकविरहित करून छापलं. ते असो. गायतोंडे रंग रोलरनं पसरत, पॅलेट नाइफनं खरवडत, एका थराखालून दुसरा वर आणत. समोर उभं राहिलं की प्रथम एक सपाट रंग दिसतो. मिनिटा-दोन मिनिटांनी त्याच्या आतून काही आकार वर तरंगतात आणि नजर हलवली की बुडतात. पाटीवर फक्त 'नाव नाही' असल्यामुळे ती दोन मिनिटं आपल्याला मिळतात. पाटी वाचून लगेच संपते, मग चित्राकडे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याच भिंतीवर गायतोंडे आणि झेन तत्त्वज्ञान यांवर तीनशे शब्द असते तर प्रेक्षकानं त्या रंगात झेन शोधलं असतं, आणि शोधलेलं सापडतंच.

आता खासगी गॅलऱ्यांतल्या त्या उताऱ्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी एका गॅलरीनं माझ्याकडे असा एक उतारा मराठीत करायला पाठवला होता. चित्रकार महाराष्ट्रातला होता, प्रदर्शन नंतर तिकडे जाणार होतं. उताऱ्यातली कलाकृती पहिल्याच परिच्छेदात शहराला 'इंटरोगेट' करत होती, दुसऱ्यात स्मृतीशी 'निगोशिएट' करत होती आणि तिसऱ्यात सार्वजनिक अवकाशात 'इंटरव्हीन' करत होती. प्रामाणिकपणे मराठी केलं तर कलाकृती शहराची उलटतपासणी घेते, स्मृतीशी वाटाघाटी करते आणि मध्ये पडते. पोलीस ठाणं, कामगार संघटना आणि शेजारच्यांचं भांडण. मी 'प्रश्न विचारते', 'जुळवून घेते' असं सौम्य करत गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की क्रियापदं सौम्य केल्यावर वाक्यात दुसरं काही उरत नाही. कोणता प्रश्न विचारते? ते मूळ उताऱ्यात नव्हतं. मी तसं कळवलं. उत्तर आलं की भिंतीवर जागा कमी असल्यानं मराठी मजकूर लावणार नाही आहोत.

ही भाषा दिल्लीची खास नाही. २०१२मध्ये ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी जगभरच्या गॅलऱ्यांची प्रसिद्धिपत्रकं तपासून एक निबंध लिहिला आणि या भाषेला 'इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश' असं नाव दिलं. साध्या विशेषणांची अवजड नामं करायची, एका गोष्टीऐवजी तीन जोडून सांगायच्या, अशा तिच्या सवयी त्यांनी नोंदवल्या. त्यांचं एक निरीक्षण भाषांतरकाराच्या कामाचं आहे. ही इंग्रजी वाचताना भाषांतरित वाटते, कारण फ्रेंच सिद्धान्तनाच्या इंग्रजी भाषांतरांतून ती घडलेली आहे. म्हणजे लाडो सरायमधला उतारा मराठीत आणताना मी एका भाषांतराच्या नकलेचं भाषांतर करत होते. फ्रेंच वाक्यामागे निदान एक युक्तिवाद होता. नकलेत फक्त त्याची चाल उरलेली असते.

मात्र इंग्रजीला झोडपून मराठीला सुटका नाही. आपल्या वर्तमानपत्रांत चित्रप्रदर्शनांबद्दल जे छापून येतं त्यात 'मनाचा ठाव घेणारी रंगसंगती', 'अंतर्मनाचा शोध' आणि 'मुक्त आविष्कार' यांखेरीज पुष्कळदा काही नसतं. एक पोकळ भाषा काढून तिथे दुसरी पोकळ भाषा लावली तर दूधवाला आत येणार नाही. पण मराठीनं काही शब्द खरोखर चांगले घडवले आहेत हेही सांगायला हवं. 'इन्स्टॉलेशन'ला हिंदीत 'संस्थापन' म्हणतात. त्यात संस्था आहे, कोनशिला आहे, उद्घाटनाला आलेले मंत्री आहेत. मराठीत 'मांडणशिल्प' हा शब्द रुळला. त्यात मांडणे आहे, भातुकली मांडणे, पाट मांडणे, दुकान मांडणे, आणि स्वयंपाकघरातली डबे ठेवायची मांडणीही आहे. वस्तू मुद्दाम एका रीतीनं ठेवल्या आहेत आणि उद्या उचलल्या जातील, हे शब्दातच कळतं. 'क्युरेटर'साठी काही मराठी वृत्तपत्री लेखनात 'गुंफणकार' आला. तो सगळ्यांना पटलेला नाही, पण त्या कामाचं वर्णन तो करतो. असे शब्द चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती काही देतात.

दिल्लीत हिंदी भिंतीवर नाही याचं मला विशेष वाटतं ते आणखी एका कारणानं. या शहरातली आधुनिक चित्रकला हिंदीशी लग्न लागल्यासारखी होती. रामकुमार चित्रकार म्हणून जगाला ठाऊक, पण ते हिंदीतले कथाकारही होते आणि निर्मल वर्मा त्यांचे धाकटे बंधू. ज. स्वामीनाथन हिंदीत कविता लिहीत. 'दिनमान'सारख्या साप्ताहिकात चित्रकलेवर नियमित लिहिलं जाई आणि प्रयाग शुक्ल यांच्यासारखे कवी ते लिहीत. मराठीतही प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' आहे. चित्रकारानं आपल्या भाषेत, स्वतःच्या कामातून उचललेल्या शब्दांत लिहिलेलं. म्हणजे या भाषांना चित्रांबद्दल बोलता येत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. ज्यांनी ती चित्रं काढली तेच या भाषांत बोलत होते. भाषा गेली ती बाजार बदलला तेव्हा, आणि ते समजण्यासारखं आहे. विकत घेणारा माणूस सिंगापूरला किंवा लंडनला बसलेला असेल तर उतारा त्याच्यासाठी लिहिला जाणार. दर वर्षी भरणाऱ्या इंडिया आर्ट फेअरमध्ये तर हे इतकं उघड असतं की तिथे तक्रार करण्यात अर्थच नाही. बाजार आहे आणि तो तसं सांगतोही.

साकेतच्या मॉलमधलं किरण नाडर म्युझियम ऑफ आर्ट हे मधलं प्रकरण. खासगी, पण विक्री नाही. प्रवेश फुकट, पण मॉलच्या आत. दारात बॅग तपासून घ्यायची, कपड्यांची दुकानं मागे टाकायची आणि मग अचानक शांत, थंड, मोठे हॉल. मॉलमध्ये म्युझियम, यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्या शहरात संध्याकाळी सावलीत फुकट बसायची जागा मॉलच उरली आहे तिथे चित्रं मॉलमध्ये असावीत हे बरंच.

इथे जानेवारी २०२०मध्ये झरिना यांचं मोठं सिंहावलोकन लागलं, रुबीना करोडे यांनी गुंफलेलं. पूर्ण नाव झरिना हाश्मी, पण त्या नुसतं झरिना लावत. १९३७मध्ये अलीगढला जन्म, वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, स्वतःचं शिक्षण गणिताचं. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे पाकिस्तानात गेले. नवरा परराष्ट्र सेवेत असल्यानं बँकॉक, पॅरिस, मधली काही वर्षं दिल्ली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्क. त्यांच्या 'होम इज अ फॉरिन प्लेस' या १९९९च्या संचात लाकडी ठशांवरून छापलेली छत्तीस चित्रं आहेत. प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द, नस्तालिकमध्ये, आणि त्या शब्दासाठी काढलेली एक जवळजवळ भूमितीची आकृती. दोन रेघा, एक चौकोन, एक तिरका काप. नावं इंग्रजीत दिलेली: घर, उंबरठा, काळ, भाषा, सीमा, अंतर. इंग्रजी नावं झरिनांनी स्वतःच दिलेली असल्यामुळे भाषांतर चुकलं म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही. दोन भाषा दोन वेगळ्या अंतरांवर उभ्या केल्या आहेत, हा रचनेचाच भाग आहे.

पहिलं चित्र घराचं. आकृती आहे अलीगढच्या घराच्या नकाशाची. म्हणजे चित्रात वास्तू आहे, इंग्रजी शब्द 'होम' आहे, आणि उर्दू शब्द दोन्ही आहे, कारण 'घर' म्हणताना भिंतीही येतात आणि माणसंही. इंग्रजीनं ज्याचे दोन तुकडे केले ते उर्दूत एक आहे. मराठीतही एकच आहे, शब्दही तोच. इथे मला काहीच करायचं नव्हतं. पण इंग्रजी नावाच्या आधारानं पुढे गेले की अडचण सुरू. 'थ्रेशोल्ड'ला उंबरठा म्हटलं की त्यावर हळदीकुंकू येतं, रांगोळी येते, माप ओलांडून आत येणारी सून येते आणि अलीगढचं घर पुण्याच्या पेठेत जाऊन बसतं. दहलीज मराठीत नाही. चौखट आहे, पण ती आपल्याकडे येताना 'चौकट' झाली, आणि चौकट दाराचीही असते, चित्राचीही. झरिनांच्या आकृतीकडे पाहताना मला हा शेवटचा शब्द सगळ्यात जवळचा वाटला, कारण कागदावर काळ्या रेघेनं आखलेलं दार आणि त्या कागदाची स्वतःची कड यांत फरक करणं कठीण होतं. शब्दकोशात पाहिलं तर हे भाषांतर चुकीचं ठरेल.

मला नस्तालिक अडखळत वाचता येते. त्या हॉलमध्ये बहुतेकांना येत नव्हती आणि त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक चित्रात दोन आकृत्या होत्या, एक सरळ रेघांची आणि एक वळणांची. कलासमीक्षेत याबद्दल लिहितात की लिपी इथे 'शुद्ध रेषा' होते. न्यूयॉर्कमध्ये होत असेल. दिल्लीत ते म्हणणं मला पोरकट वाटतं. या शहरातल्या पंजाबी घरांमध्ये आजोबा उर्दू वर्तमानपत्र वाचत, हिशेब उर्दूत ठेवत, कित्येकांना देवनागरी येतही नसे, आणि नातवंडांना आज त्या वह्यांतलं एक अक्षर लागत नाही. ती नातवंडं या हॉलमध्ये उभी होती. ज्याला ही लिपी कधीच ठाऊक नव्हती त्याला ती शोभिवंत दिसणं वेगळं, आणि ज्याच्या घरात ती दोन पिढ्यांपूर्वी होती त्याला ती शोभिवंत दिसणं वेगळं. झरिनांच्या शब्दांना इंग्रजी नावाऐवजी देवनागरीत लिहिलं असतं तर यातले निम्मे शब्द त्या नातवंडांना लगेच कळले असते, कारण ते रोजच्या बोलण्यातले आहेत. कान ओळखतो, डोळा ओळखत नाही. या संचाचा सगळा भार मला तिथे आहे असं वाटतं, आणि दिल्लीत तो जितका जाणवतो तितका दुसरीकडे जाणवणार नाही.

त्यांच्या 'लेटर्स फ्रॉम होम'मध्ये (२००४) बहिणीची, राणीची, पत्रं आहेत. आईवडिलांचे मृत्यू, घर विकणं अशा प्रसंगी लिहिलेली आणि पोस्टात न टाकलेली. ती नंतर झरिनांच्या हाती आली आणि त्यांनी ती छापली, पण त्यांवर घराचे आराखडे आणि नकाशे चढवून. त्यामुळे उर्दू येणाऱ्यालाही पत्र सलग वाचता येत नाही. एक ओळ लागते, पुढची काळ्या आकाराखाली जाते. या पत्रांचा अनुवाद भिंतीवर लावावा असं मला भाषांतरकार असूनही वाटत नाही. पत्र एका माणसासाठी लिहिलेलं आहे आणि त्या माणसानं ते आपल्याला अर्धंच दाखवायचं ठरवलं आहे. अनुवाद म्हणजे त्या काळ्या आकाराच्या मागे हात घालणं होईल.

आणि 'डिव्हायडिंग लाइन', २००१मधलं. पांढऱ्या कागदावर वरून खाली वेडीवाकडी उतरणारी एक काळी रेघ. भारत-पाकिस्तान सीमा. लाकडी ठशाचं तंत्र माहीत असलेल्याला हे चित्र दुसऱ्यांदा दिसतं. ठशावर जे कोरून काढावं ते कागदावर पांढरं येतं, जे शिल्लक ठेवावं ते काळं. म्हणजे ही रेघ ओढलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंची सगळी जमीन छिन्नीनं खरवडून काढल्यावर ती उरली आहे, आणि त्या खरवडण्याच्या खुणाही कागदावर इथेतिथे उमटल्या आहेत. याबद्दल कोणत्याही उताऱ्यात 'विस्थापन' हा शब्द असतोच. मला वाटतं, भिंतीवर एकच वाक्य लिहावं, कोणत्याही भाषेत: ठशाचा जो भाग कोरला तो पांढरा छापतो. बाकीचं पाहणाऱ्यावर सोडावं.

मार्चअखेर टाळेबंदी आली, संग्रहालयं बंद झाली. २५ एप्रिलला झरिना लंडनमध्ये वारल्या.

त्या मॉलमधून बाहेर पडून प्रेस एन्क्लेव्ह मार्ग ओलांडला की समोर खिडकी गाव. गावाला नाव मिळालं चौदाव्या शतकातल्या मशिदीवरून, फिरोजशाहचा वजीर खान-ए-जहान जुनान शाह यानं बांधलेल्या, जिच्या भिंतींत दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत. हाही शब्द आपल्याला भाषांतर न करता मिळालेला. खिडकी एक्स्टेन्शनमध्ये 'खोज' आहे. १९९७मध्ये मोदीनगरच्या एका कलावंत-कार्यशाळेतून सुरू झालेली ही संस्था काही वर्षांनी इथे आली. खोजला गॅलरी म्हणणं पूर्ण बरोबर नाही. इथे कलावंत येऊन राहतात, काम करतात, आणि ते काम पुष्कळदा विकण्यासारखं नसतंच.

खोजबद्दल माझं मत दोन भागांत आहे. इमारतीच्या आतला मजकूर अनेकदा वर सांगितलेल्या इंग्रजीतलाच असतो, किंबहुना अधिक अवघड, कारण इथे विकत घेणाऱ्याची मर्जी राखायची नसते आणि सिद्धान्ताला कोणी लगाम घालत नाही. कलाकृतीऐवजी 'प्रक्रिया' दाखवली जाते तेव्हा कधीकधी भिंतीवर चार फोटो, एक आराखडा आणि खूप वाचन एवढंच हाती लागतं. तीन मजले चढून वाचनालयात आल्यासारखं वाटतं, खुर्चीशिवाय.

पण हीच संस्था दाराबाहेरच्या गल्लीकडे जितक्या वेळा वळली तितकी दिल्लीतली दुसरी कोणतीही वळलेली नाही. खिडकी एक्स्टेन्शनमध्ये बिहारी, नेपाळी, अफगाण, सोमाली, नायजेरियन, काँगोली अशी माणसं दाटीवाटीनं राहतात. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या तत्कालीन कायदामंत्र्यांनी मध्यरात्री कार्यकर्त्यांसह इथे येऊन आफ्रिकी बायकांच्या घरांवर चाल केली, आणि गाव देशभर बदनाम झालं. त्यानंतर खोजनं 'कोरिऑलिस इफेक्ट' नावानं भारत आणि आफ्रिका यांच्या संबंधांवर कलावंतांची निवासी शिबिरं घेतली. नाव पुन्हा भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं. गल्लीत ते कोणाला उच्चारता येत नसावं. कामं मात्र गल्लीत उतरली.

त्याच काळात 'खिड़की आवाज़' निघालं, मालिनी कोचुपिल्लई आणि महावीर सिंह बिष्ट यांचं, खोजच्या पाठबळावर. हे मोठ्या आकाराचं वर्तमानपत्र आहे, हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेलं. त्यात गावातल्या माणसांच्या हकिकती, कोण कुठून आलं, घरमालक, भाडं, पाणी, खाणं. हे कलाकृती म्हणून मोजायचं की पत्रकारिता म्हणून, यावर चर्चा झडतात. मला तो प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही. मला त्यातली हिंदी महत्त्वाची वाटते. ती जयपूर हाऊसच्या पाटीवरची नाही आणि इंग्रजीच्या मागून फरपटत आलेलीही वाटत नाही. वाक्यं छोटी आहेत, बोलण्यातली आहेत. आफ्रिकी शेजाऱ्याबद्दल लिहिताना ती कुठे अवघडते, कुठे जपून शब्द निवडते, हेही दिसतं. इंग्रजीत ते अवघडणं दिसत नाही, कारण इंग्रजीकडे अशा प्रसंगी वापरायचे गुळगुळीत शब्द तयार असतात. शेजाऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्न हिंदीला खरोखर पडलेला आहे. गल्लीत त्याला ज्या शब्दानं हाक मारतात तो छापता येत नाही, आणि 'अफ्रीकी मूल के निवासी' असं कोणी बोलत नाही.

एका अंकाचं पान मी मशिदीच्या रस्त्यावर एका न्हाव्याच्या दुकानात, आरशाशेजारी चिकटवलेलं पाहिलं. त्यात त्याचाच फोटो होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसून, मान न हलवता, आरशातून ते वाचायचा प्रयत्न करत होतं. अक्षरं उलटी दिसत असल्यानं जमत नव्हतं, म्हणून न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि तो उभ्यानं वाचून दाखवू लागला. त्यातला जिल्हा चुकीचा छापलाय, असं तो मध्येच थांबून सांगत होता.